भट्टी अंगणांत, ऊब घरांत

महाराष्ट्रांतील जुन्या घरांत न्हाणीघराच्या कोपऱ्यांत किंवा मागील दारीं तांब्याचा बंब असे. मध्यें उभी नळी, नळींत विस्तव, नळीभोंवतीं पाणी, खालीं राखेची जाळी आणि बाजूला तोटी, एवढीच त्याची रचना. करवंट्या, चिपाडें, गोंवऱ्या, सुताराकडील ढलप्या, जें हातीं लागेल तें त्यांत पडे आणि घरांतील सर्व मंडळींच्या स्नानाची सोय होई. विजेच्या व गॅसच्या साधनांनीं आतां बहुतेक घरांतून त्याची जागा घेतली आहे. तथापि बंबाचें तत्त्व ज्याच्या ध्यानांत आहे त्याला उत्तर अमेरिकेंतील एका यंत्राची ओळख करून देण्यास फार शब्द खर्चावे लागत नाहींत. बंब माणसाच्या उंचीहूनहि मोठा करावा, तांब्याऐवजीं पोलादाचा करावा, त्याला सर्व बाजूंनीं उष्णता कोंडून धरणारें जाड वेष्टण घालावें, घरापासून पन्नास-शंभर पावलांवर उघड्यावर नेऊन बसवावा आणि त्यांतील ऊन पाणी जमिनीखालच्या नळांतून घरांत खेळवावें, म्हणजे झालें. त्या यंत्राला तिकडे 'आउटडोअर वुड बॉयलर' म्हणतात. लांबून पाहणाऱ्यास ती पत्र्याची एखादी अडगळीची खोलीच वाटावी. डोक्यावरील धुरांडें तेवढें तिचें खरें काम सांगून टाकतें.

हें यंत्र ज्या प्रदेशांत रुजलें तेथील थंडीची कल्पना पुण्या-मुंबईच्या माणसास सहज येणारी नव्हे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, व्हरमाँट, न्यूयॉर्कचा उत्तर भाग आणि सीमेपलीकडे कॅनडा, येथें ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत घर तापवावें लागतें. उत्तर मिनेसोटांत जानेवारीच्या रात्रीं पारा शून्याखालीं ३० अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरणें हें नवल नाहीं. अशा वेळीं घर थंड पडलें तर नळांतील पाणी गोठतें व नळ फुटतात. ऊब हा तेथें केवळ सुखसोयीचा विषय नसून घर टिकविण्याचा विषय आहे. त्याच प्रदेशांत अरण्यें विपुल. शेतकऱ्याच्या मालकीच्या रानांत दरसाल कांहीं झाडें वठतात, कांहीं वादळांत उन्मळून पडतात. तेल किंवा गॅस विकत घेण्यापेक्षां तीं झाडें फोडून जाळणें त्याला साहजिकच परवडतें.

विस्तव बाहेर आणि ऊब आंत ही कल्पना मात्र मूळची अमेरिकेची नव्हे. प्राचीन रोमच्या स्नानगृहांत जमीन लहान लहान खांबांवर उचललेली असे व बाहेरील भट्टींतील तप्त हवा तिच्याखालून फिरे. कोरियांत चुलीची आंच व धूर जमिनीखालील मार्गांनीं नेऊन फरशी तापविण्याची पद्धति शतकानुशतकें चालत आली. काश्मिरांतील हमामाचीहि तीच तऱ्हा. तेथें दगडी लाद्यांच्या जमिनीखालीं लांकडें पेटवितात, लांकडें सारण्याचें तोंड खोलीबाहेर असतें आणि वर बसलेल्या मंडळींस धुराचा उपद्रव होत नाहीं. अमेरिकेंत मात्र विस्तव बराच काळ घराच्या मध्यभागींच राहिला. बेंजामिन फ्रँकलिनने १७४४ सालीं आपल्या लोखंडी शेगडीचें वर्णन करणारी पुस्तिका काढली, तेव्हां त्याची खटपट एवढीच होती कीं, धुरांड्यावाटे आकाशांत जाणारी उष्णता थोडी तरी खोलींत राहावी. पुढें कोळसा आला, तेल आलें, आणि लांकडाची शेगडी मागें पडली. १९७३ सालीं तेलाचे भाव एकाएकीं भडकले तेव्हां पुष्कळ कुटुंबें पुन्हां लांकडाकडे वळलीं. परंतु शेगडी घरांत आली कीं तिच्याबरोबर सालपटें, राख, किडे व धूरहि घरांत येतो. शिवाय धुरांड्यांत साचलेली काजळी पेटून घराला आग लागण्याचें भय निराळेंच. ही सारी कटकट उचलून अंगणांत नेऊन ठेवण्याचें काम १९८० नंतरच्या दशकांत या बाहेरच्या भट्टीनें केलें. गृहिणीच्या दृष्टीनें पाहिलें तर तिची लोकप्रियता सर्वस्वीं समजण्यासारखी आहे.

भट्टींत लांकडें घालण्याची पेटी असते व पेटीभोंवतीं पाण्याचा कोट. हें पाणी कित्येकशें लिटर असतें आणि तें सुमारें ८० ते ८५ अंशांपर्यंत तापवितात. पंप तें पाणी घरांत ढकलतो. तेथें तें जमिनीखालीं पसरलेल्या नळ्यांतून, भिंतीलगतच्या लोखंडी तापकांतून किंवा हवेच्या मार्गांत बसविलेल्या नळ्यांच्या जाळींतून फिरून, आपली ऊब देऊन, भट्टीकडे परत येतें. पाण्याच्या टांकीला वर मोकळा श्वासमार्ग ठेवलेला असतो. त्यामुळें आंत वाफेचा दाब साठत नाहीं आणि बंद बॉयलरप्रमाणें स्फोटाची धास्ती सहसा उरत नाहीं. पाण्याची उष्णता ठरल्याहून कमी झाली कीं हवेची झडप उघडते, पंखा फिरूं लागतो आणि विस्तव फुलतो. पाणी पुरेसें तापलें कीं झडप मिटते. मालकानें सकाळ-संध्याकाळ एकेकदां लांकडें घातलीं कीं बाकीचें काम यंत्र पाहून घेतें.

या मिटणाऱ्या झडपेंतच सगळी अडचण आहे.

लांकूड जळतें असें म्हणतात. परंतु लांकडाचें जळणें हें एका टप्प्याचें काम नव्हे. तापूं लागलें कीं प्रथम त्यांतील पाणी वाफ होऊन निघून जातें. मग त्यांतून नाना प्रकारचे वायु व डांबरट बाष्पें बाहेर पडूं लागतात. डोळ्यांना दिसणारी ज्वाला ती या वायूंची. ते गेल्यावर जो कोळसा उरतो तो नुसता लाल होऊन जळतो. लांकडांतील निम्म्याहून अधिक उष्णता या वायूंत असते. ते पुरते जळण्यास सुमारें ६०० अंश उष्णता, भरपूर हवा आणि हवेशीं नीट मिसळण्यास थोडी सवड लागते. यांपैकीं एकाची उणीव झाली कीं न जळलेले वायु धूर होऊन निघून जातात. जुन्या धर्तीच्या भट्टींत तिन्हींची उणीव आहे. पेटीच्या भिंतींमागें पाणी असल्यामुळें भिंती कधींच पुरत्या तापत नाहींत, आणि ज्वाला त्यांना टेकली कीं विझते. झडप मिटल्यावर हवा नाहीं. लांकडांचा भलामोठा भारा मात्र आंत तसाच धुमसत असतो, कारण तो बारा तास पुरावा म्हणून एकदमच घातलेला असतो. असा धुमसता भारा तासन् तास दाट, जड, थंड धूर ओकतो. त्यांतला कांहीं भाग धुरांड्याच्या आंतल्या बाजूस काळ्या, चकचकीत, चिकट लेपाच्या रूपानें बसतो. त्याला क्रिओसोट म्हणतात. तो पेटला म्हणजे धुरांडें लालबुंद होतें. बाकीचा धूर शेजारी जातो.

शेजाऱ्याकडे जाणें हें येथें शब्दशः घ्यावयाचें आहे. घरांतील शेगडीचें धुरांडें छपराच्या वर निघतें. या भट्टीचें धुरांडें पुष्कळदां माणसाच्या डोक्यापेक्षां फार उंच नसतें. हिंवाळ्यांतील निवांत, निरभ्र रात्रीं जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षां थंड असते. अशा वेळीं थंड धूर वर चढत नाहीं, तो सखल भागांत पसरून तेथेंच मुक्काम करतो. मालकाच्या घरांत धुराचा लवलेश नाहीं आणि शेजारच्या घरांतील मूल मात्र खोकत आहे, असा विचित्र न्याय त्यामुळें घडतो. धुरांतील जे कण २.५ मायक्रॉनहून लहान, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहूनहि बारीक असतात, ते नाकांत किंवा घशांत अडत नाहींत. ते थेट फुप्फुसांच्या तळाशीं पोंचतात. दमेकऱ्यांना, हृदयविकार असलेल्यांना व लहान मुलांना त्यांचा त्रास अधिक होतो. लांकडाचा धूर हा नैसर्गिक, म्हणून निरुपद्रवी, अशी समजूत जगांत सर्वत्र आहे. ती खरी असती तर चुलीपाशीं जन्म काढलेल्या स्त्रियांचे डोळे व छाती यांनीं वेगळी साक्ष दिली असती.

तक्रारी वाढूं लागल्या तसा कायदा आला. व्हरमाँट राज्यानें १९९७ सालींच नियम केला कीं, अशी भट्टी शेजारच्या घरापासून निदान २०० फूट दूर असावी, आणि ५०० फुटांच्या आंत शेजारी असेल तर भट्टी ज्या घराला ऊब पुरविते त्या घराच्या छपराहून धुरांडें उंच करावें. न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कचेरीनें २००५ सालीं या विषयावर अहवाल काढला. पुढें २०११ सालीं तेथें जे नियम अमलांत आले त्यांनीं नव्या भट्टीला किमान १८ फुटांचें धुरांडें आणि हद्दीपासून १०० फुटांचें अंतर सक्तीचें केलें. सर्व देशाला लागू होणारा नियम २०१५ सालीं निघाला. भट्टीनें दहा लक्ष ब्रिटिश एकक उष्णता घराला द्यावी आणि तेवढ्या कामांत बारीक कणांचा धूर ०.३२ पौंडांहून अधिक सोडूं नये, ही पहिली मर्यादा. १५ मे २०२० पासून नव्या भट्टींसाठीं ती ०.१० पौंडांवर आणली. परंतु जुन्या भट्ट्या टिकाऊ पोलादाच्या आहेत. कायद्यापूर्वीं बसविलेली भट्टी अंगणांत उभी आहे तोंवर तिच्यांतून काय निघावें हें मुख्यतः तिच्या मालकाच्या हातीं राहतें.

आणि त्याच्या हातीं पुष्कळ आहे. पहिली गोष्ट सरपणाची. नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या वजनांत जवळजवळ निम्मा भाग पाण्याचा असूं शकतो. दहा किलो ओलें लांकूड भट्टींत टाकलें म्हणजे पांच किलो लांकूड व पांच लिटर पाणी टाकलें. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारें ५४० किलोकॅलरी उष्णता लागते, तें उकळीला आणण्याचा खर्च वेगळा. हिशेब केला तर लांकडांतील उष्णतेचा सुमारें सातवा हिस्सा या पाण्यावर खर्ची पडतो. सातवा हिस्सा कांहीं फार नव्हे, असें कोणी म्हणेल. पण खरी हानि या वजाबाकींत दिसत नाहीं. पाणी उकळत असतां पेटींतील विस्तव थंड राहतो, ६०० अंशांची पायरी कधीं गांठलीच जात नाहीं आणि निम्मी उष्णता बाळगणारे ते वायु न जळतांच धुरांड्यावाटे निघून जातात. ओलें लांकूड 'जास्त वेळ टिकतें' म्हणून मुद्दाम तें घालणारे शेतकरी तिकडेहि आहेत. टिकतें हें खरें. जळतच नाहीं म्हणून टिकतें.

लांकूड वाळवावयाचें तर तें आधीं फोडलें पाहिजे, कारण अखंड ओंडक्याची साल पाणी धरून ठेवते. फोडलेले तुकडे जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर, वारा आरपार खेळेल असे विरळ रचावे. वरून पाऊस-बर्फ लागूं नये म्हणून आच्छादन करावें, पण बाजू उघड्या ठेवाव्या. सबंध रास ताडपत्रींत गुंडाळून ठेवणाऱ्याच्या लांकडांना बुरशी येते. मॅपलसारखें लांकूड एका उन्हाळ्यांत वाळतें, ओकला एक वर्ष पुरत नाहीं, कित्येकदां दोन लागतात. वाळलेल्या तुकड्याच्या टोकांना भेगा पडतात, दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर टणत्कार होतो, ओले असतील तर बद्द आवाज येतो. याहून नेमकें माप हवें असेल त्यानें एक तुकडा नव्यानें फोडून त्याच्या आंतल्या अंगाला आर्द्रतामापकाच्या सुया टोंचाव्या. आंकडा २० टक्क्यांच्या आंत आला तर लांकूड भट्टीच्या योग्यतेचें झालें. तिकडे सरपणाचें माप 'कॉर्ड' आहे. चार फूट रुंद, चार फूट उंच व आठ फूट लांब अशी ही रास १२८ घनफुटांची होते. विकत घेतांना आकार मोजतात, ओल मोजण्याची तसदी मात्र फारसें कोणी घेत नाहीं.

कचऱ्याविषयीं एक शब्द पुरे. भट्टीचें तोंड मोठें असल्यामुळें हातांतलें कांहींहि त्यांत फेंकण्याचा मोह होतो. प्लॅस्टिक, रंगविलेल्या फळ्या, किडीविरुद्ध औषध मारलेलें इमारती लांकूड यांपैकीं कांहींहि त्यांत जातां कामा नये. अमेरिकेंत २००३ अखेरपर्यंत घरगुती कामांसाठीं विकल्या गेलेल्या औषधी लांकडांत सोमल असे. त्याची राखहि विषारी होते.

दुसरी गोष्ट भट्टीच्या आकाराची व ती चालविण्याच्या रीतीची. मोठी असलेली बरी, ही समजूत या बाबतींत उलटी ठरते. गरजेहून मोठी भट्टी आपलें पाणी लवकर तापवून बसते, आणि मग दिवसाचा बहुतेक काळ झडप मिटून धुमसत राहते. थंडी सौम्य असेल त्या दिवसांत पेटी कांठोकांठ न भरतां थोडें थोडें लांकूड घालावें, तें झपाट्यानें जळूं द्यावें. मालकाला खेपा जास्त पडतात, पण सरपण कमी लागतें. उन्हाळ्यांत केवळ स्नानाच्या पाण्यासाठीं ही भट्टी पेटती ठेवणें तर शुद्ध उधळपट्टी होय. चार बादल्या पाण्याकरितां शेकडों लिटर पाणी रात्रंदिवस तापत राहतें आणि शेजाऱ्याच्या उघड्या खिडक्यांतून धूर शिरतो.

दार उघडण्याचीहि रीत आहे. झडप मिटलेल्या पेटींत न जळलेले वायु कोंडलेले असतात. दार एकदम सताड उघडलें तर आंत हवा शिरून ते भडकन् पेटतात व ज्वाळेचा लोळ तोंडावर येतो. म्हणून दार प्रथम बोटभर उघडून, बाजूला उभें राहून क्षणभर थांबावें, मग पुरतें उघडावें. दाराच्या कडेला बसविलेली दोरी झिजली कीं झडप मिटूनहि हवा आंत जात राहते व पाणी उतूं जातें. दारांत कागदाचा तुकडा धरून दार लावावें आणि तो ओढून पाहावा. सहज निघाला तर दोरी बदलण्याची वेळ आली.

राख काढतांना सगळी काढून टाकूं नये, निखारे राखून ठेवावे. काढलेली राख झांकणाच्या लोखंडी बादलींत, घराच्या लांकडी ओसरीपासून दूर ठेवावी, कारण राखेंत दडलेला निखारा कित्येक दिवसांनींहि आग लावूं शकतो.

पाण्याकडे मात्र बहुतेकांचें दुर्लक्ष होतें, आणि महागड्या भट्ट्या अकालीं निकामी होतात त्या बहुधा या दुर्लक्षानेंच. टांकीला श्वासमार्ग असल्यामुळें थोडें पाणी वाफ होऊन जातच असतें. त्याच्या जागीं घातलेलें नवें पाणी आपल्याबरोबर प्राणवायु व क्षार आणतें. प्राणवायु पोलादाला गंज चढवितो, क्षारांचा थर भिंतींवर बसतो. बंबाच्या तळाशीं सांचणारा पांढरा थर ज्यांनीं खरवडला आहे त्यांना हें निराळें सांगावयास नको. फरक इतकाच कीं, तांब्याचा बंब चिंचेनें घासून पुन्हां लखलखीत करतां येत असे. पोलादी भट्टीच्या पोटांत हात घालतां येत नाहीं. म्हणून पाण्यांत गंजरोधक औषध घालतात, वर्षांतून निदान एकदां त्याचा नमुना तपासतात आणि पाण्याची पातळी वरचेवर पाहतात. पातळी वारंवार खालीं जात असेल तर कोठें तरी गळती आहे हें समजून घ्यावें.

जमिनीखालच्या नळाची परीक्षा बर्फ पडल्यावर आपोआप होते. अंगणभर पांढरें बर्फ पसरलेलें असतां भट्टीपासून घरापर्यंत काळ्या मातीचा सरळ पट्टा उघडा दिसला, तर नळावरील वेष्टणांत पाणी शिरलें आहे आणि सरपणाच्या पैशांनीं अंगणाला ऊब मिळत आहे, हें नक्की. स्वस्त वेष्टण घेऊन खंदक बुजविणाऱ्यास तो पुन्हां खणावा लागतो.

वीज गेली तर काय, हा प्रश्न हिंवाळ्यापूर्वींच सोडवून ठेवावा. विस्तव लांकडाचा असला तरी पंप व पंखा विजेवर चालतात. हिमवादळांत तारा तुटल्या कीं पाणी फिरणें थांबतें, आणि उणें ३० अंशांत थांबलेलें पाणी गोठण्यास फार वेळ घेत नाहीं. कोणी लहान विद्युत्-जनित्र बाळगतात, तर कोणी पाण्यांत न गोठणारें ग्लायकॉल मिसळतात. सुज्ञ मालक घरांतील जुनी तेलाची भट्टीहि चालू स्थितींत ठेवतात. आजारपणांत किंवा परगांवीं गेल्यावर दोन वेळ लांकडें कोण घालणार, याचेंहि उत्तर त्यांतच मिळतें.

नव्या धर्तीच्या भट्ट्यांत मूळ दोषावरच घाव घातला आहे. त्यांत लांकडांतून निघालेले वायु पंख्यानें खालच्या कोठडींत ओढले जातात. ही कोठडी पाण्यानें वेढलेली नसून उष्णता सहन करणाऱ्या मातीच्या विटांची असते; तेथें वायु पांढऱ्याशुभ्र ज्वाळेनें जळतात व धुरांड्यांतून जवळजवळ नुसती वाफ दिसते. काहींजण जोडीला हजारों लिटर पाण्याची टांकी बसवितात. भट्टी दिवसांतून एकदां जोरानें पेटवून विझूं देतात आणि टांकींत सांठविलेली ऊब रात्रभर वापरतात. धुमसण्याचा प्रश्नच मग उरत नाहीं. किंमत अर्थात् बरीच जास्त पडते. शिवाय या भट्ट्या ओलें लांकूड मुळींच चालवून घेत नाहींत, तें घातलें कीं बंद पडतात. हा त्यांचा दोष म्हणून पुष्कळदां सांगण्यांत येतो.

एप्रिल सरत आला कीं भट्टी विझवितात. राख व ओल एकत्र आली म्हणजे त्यांपासून होणारा क्षार उन्हाळाभर पोलाद खात राहतो. म्हणून पेटी राखेच्या शेवटच्या चिमटीपर्यंत रिकामी करतात, भिंतींवरचा काळा लेप खरवडतात, आंत तेलाचा हात फिरवितात आणि पावसाचें पाणी उतरूं नये म्हणून धुरांड्यावर टोपी बसवितात. पाणी मात्र टांकींत तसेंच ठेवतात, कारण रिकामी टांकी भरलेल्या टांकीपेक्षां लवकर गंजते. त्याच सुमारास रानांतील बर्फ वितळून वाट मोकळी झालेली असते. ओक जाळणारा शेतकरी कुऱ्हाड घेऊन निघतो तो येत्या हिंवाळ्याच्या सरपणासाठीं नव्हे. तें गेल्या वर्षींच रचून ठेवलेलें असतें. तो त्याच्या पुढच्या हिंवाळ्याचीं लांकडें फोडावयास जातो.